चौदा नंबरचं वळण

“पुढे सरका, पुढे सरका! पुढे काय वाघ बसलाय?”

आमच्या कंडक्टर बाईंचा हा आवाज मागच्या दारापासून गर्दी कापत थेट माझ्या कानापर्यंत यायचा. पुढे मी बसलेला असे. मी कसला वाघ! घरात बायकोला आणि डेपोत साहेबांना वचकून असणारा चौदा नंबरचा ड्रायव्हर. पण त्या सोमवारी माझ्या मागच्या पहिल्याच सीटवर खरोखर एक वाघ येऊन बसला होता. चेकरसाहेब. आजपासून चौदा नंबर सरळ जाते की नाही, हे बघायला त्यांना मुख्य कार्यालयाने मुद्दाम धाडलं होतं.

चौदा नंबर कधीच सरळ जात नसे. नाक्यावर ती मोठा रस्ता सोडून डावीकडे वळायची, धापा टाकत टेकडी चढायची, वरच्या वस्तीतून फिरून पलीकडच्या अंगाने उतरायची आणि हॉस्पिटलपाशी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायची. नव्या साहेबांनी नकाशा पाहिला, त्यांना हा फुगवटा खटकला, आणि वळण रद्द झालं. टेकडीवरच्या माणसांना कोणी काही विचारलं नाही. त्यांनी आता घसरड्या उतरणीवरून खाली यायचं, भरधाव ट्रकांचा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायचा आणि मग बस पकडायची. वर राहणार कोण? दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे वॉचमन, हॉस्पिटलातल्या आया, आणि अर्धांगवायू झालेला एक सुतार, ज्याला बाई रोज काखेत हात घालून गाडीत चढवायच्या. बाई स्वतः वरच राहायच्या. लग्न होऊन आल्या त्या टेकडीवरच. नवरा आमच्याच डेपोत मेकॅनिक होता. तो गेला आणि त्या कंडक्टर म्हणून लागल्या, तेव्हा डेपोत पैजा लागल्या होत्या, की ही बाई महिनाभरात पळून जाईल. पळाले ते फुकटे प्रवासी.

त्या दिवशी डेपोतून निघताना त्यांनी मला विचारलं होतं, “भाऊ, ऑर्डर वाचली?”

“वाचली.”

“मग?”

“मग काय बाई, आपण हुकमाचे ताबेदार.”

त्यांनी बॅग खांद्याला अडकवली आणि मागच्या दाराकडे निघून गेल्या. बाई चिडल्या की मला भीती वाटत नाही, त्या गप्प बसल्या की वाटते. शिवाय सकाळीच बायकोने डबा हातात देताना बजावलं होतं, “निवृत्तीला आलात, आता कुणाच्या भानगडीत पडू नका.” मी मनाशी ठरवलं होतं, मान खाली आणि गाडी सरळ.

नाका आला. मी सरळ लेनमध्ये होतो, सिग्नल हिरवा होता, आणि माझ्या डोक्यावरची घंटा वाजली. एकदाच.

एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. इतक्या वर्षांत पायालाही हे कळायला लागलं होतं. डोक्याने विचार करायच्या आत ब्रेक दाबला गेला होता.

“काय झालं?” चेकरसाहेब म्हणाले. “इथे स्टॉप नाही. चला!”

“वर माणसं उभी आहेत साहेब,” मागून बाई म्हणाल्या.

“ऑर्डर माहीत आहे ना तुम्हाला?”

“मला माहीत आहे. वरच्यांना नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.”

साहेब उठले, दोरी धरली आणि स्वतःच दोनदा ओढली. ठण ठण. माझा पाय ब्रेकवरून उचलला जाणार तेवढ्यात माझंच तोंड म्हणालं, “बेल कंडक्टरची लागते साहेब.”

हे मी बोललो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. साहेबांचाही बसला नसावा, कारण दोरी त्यांच्या हातात तशीच राहिली. मी आरशात बघितलं. बाई हसत नव्हत्या, पण त्यांनी पदर कमरेला खोचला होता.

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. बसमधलेही कुरकुरू लागले. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ भडकले, “अहो बाई, आम्हाला कामधंदे आहेत! त्या टेकडीपायी आम्ही रोज का उशीर करून घ्यायचा?”

“तुम्ही कुठे चढता?” बाईंनी विचारलं.

“शाळेच्या स्टॉपवर.”

“तो स्टॉप काय आभाळातून पडला? कुणीतरी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या असतील, तेव्हा तुम्ही सावलीत उभे राहून बस पकडताय. त्या माणसाला कुणी म्हणालं असेल का, तुझ्यापायी आम्हाला उशीर?”

गृहस्थ घड्याळात बघू लागले. चेकरसाहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “मुळात हे वळण घातलं कोणी, देव जाणे.”

“देवाला कशाला त्रास देता? मी सांगते.” बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. “डेपोतल्या फळ्यावर या वळणाबद्दल लिहिलंय, दूरदृष्टीचं नियोजन. कसली दूरदृष्टी! गाडी पहिल्यांदा वर आली, त्या दिवशी समोरचं दिसत नव्हतं. तेव्हा या गाडीवर उस्ताद म्हणून ड्रायव्हर होते. दाट धुकं, बॉनेटसुद्धा दिसेना. सरळ जायची गाडी त्यांनी चुकून वर घातली. रस्ता अरुंद, मागे घेता येईना, म्हणून चढवतच गेले. वर आम्ही बायका कामाला पायी निघालो होतो. धुक्यातून गाडी पुढ्यात येऊन उभी राहिली! आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच पाठवलीय. चढलो सगळ्या. दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं, पण आम्ही उभ्या होतो. उस्तादांनी खालून बघितलं आणि परत चुकले. मग रोजच चुकायला लागले.”

कोणीतरी फस्सकन हसलं. बाई थांबल्या नाहीत.

“त्यांची बदली केली. नवीन आला त्याने गाडी सरळ नेली, तर आम्ही इथे, याच नाक्यावर, गाडीपुढे बसलो. मी नवी नवरी होते, सासूच्या शेजारी बसले होते. शेवटी साहेबलोक कंटाळले आणि नकाशात वळण काढलं. ते आमचं आहे साहेब. ते पुसायचं तर आम्हाला निदान तोंडावर सांगा.”

साहेब वाईट नव्हते. पण त्यांनाही वर कोणीतरी साहेब होताच. मागचे हॉर्न आता शिव्यांवर आले होते. “घ्या,” ते माझ्यावर खेकसले, “घ्या वर! पण मी रिपोर्ट करणार.”

“करा,” बाई म्हणाल्या आणि मागे जाऊन त्यांनी दोनदा बेल दिली.

रिपोर्ट झाला. मला समज मिळाली, बाई निलंबित झाल्या. दुसऱ्याच दिवशी चौकशीसाठी मुख्य कार्यालयात हजर राहायचं फर्मान. संध्याकाळी डेपोत त्यांनी बॅग आणि बिल्ला जमा केला. मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही घरी जा. वहिनी वाट बघत असतील.”

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, “एकट्याच जाणार त्या उद्या?”

मंगळवारी माझ्या गाडीवर मुनी आला. हा कंडक्टर तिकिटाशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून त्याचं नाव मुनी. चेकरसाहेब नव्हते. माणूस काल घाबरला म्हणजे आज सरळ जाईल, असं मुख्य कार्यालयाने गृहीत धरलं असावं. त्यात त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. नाका येईपर्यंत सरळच जायचं माझ्या मनात होतं. बेल वाजली नाही. बेल वाजली असती तर बरं झालं असतं, निदान दुसऱ्या कोणावर ढकलता आलं असतं.

मी वर पाहिलं. टेकडीच्या कडेला माणसं उभी होती, ओळीने, रोजच्यासारखी.

मी डावीकडचा इंडिकेटर दिला आणि स्टिअरिंग फिरवलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मला राग आला होता, आणि राग आल्यावर इतकं हलकं वाटतं हे मला या वयात कळलं. आरशात मुनी दिसला. तो खिडकीबाहेर बघत होता, इतक्या एकाग्रतेने, की गाडी कुठे चाललीय हे त्याला मुळीच कळलेलं नाही, अशी शपथ तो कुठेही घेऊ शकला असता.

वर रांगेत बाई उभ्या होत्या, घरच्या साडीत. त्यांच्याभोवती वस्तीतल्या बायकांचा घोळका. “आम्ही पण येतो, बघू काय करतात ते!” असा गलका चालला होता.

“कोणी खाडे पाडायचे नाहीत,” बाईंनी दरडावलं. “गाडी आपण कामाला जायला आणली. तुम्ही कामावर पोचलात तर मला तिथे बोलायला तोंड राहील. चढा!”

सुताराला चढवून त्या स्वतः चढल्या. मुनी आपल्या जागेवरून उठून उभा राहिला. “बसा बाई.”

“ती तुझी जागा आहे. तिकीट दे.”

“तुम्हाला तिकीट?”

“मग काय फुकट जाऊ? मुख्य कार्यालय, एक.”

हॉस्पिटलपाशी सुतार उतरला. पुढे स्टॉप येत गेले, बायका उतरत गेल्या. प्रत्येक जण बाईंच्या खांद्याला हात लावून उतरत होती. मुख्य कार्यालय आलं तेव्हा गाडी निम्मी रिकामी होती.

चढायचं मागून आणि उतरायचं पुढून, हा प्रवाशांचा नियम. कंडक्टर मात्र चढ-उतार मागच्याच दाराने करतो. त्यामुळे इतकी वर्षं बाई मला दिसल्या त्या आरशात, नाहीतर डेपोच्या गडबडीत. त्या दिवशी त्या पहिल्यांदा प्रवाशांसारख्या पुढच्या दाराकडे आल्या आणि माझ्याजवळ थांबल्या. केस बरेच पांढरे झाले होते.

“भाऊ, आज तुम्हाला मी बेल दिली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नाही दिली.”

“आता तुम्हालाही बोलावतील.”

“बोलवू देत. शेजारची खुर्ची रिकामी ठेवा.”

त्या उतरल्या. पदर सारखा केला आणि कार्यालयाच्या फाटकाकडे चालू लागल्या. तिकीट अजून हातातच होतं. फाटकावरच्या शिपायाने काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी सांगितलं, त्याने वाट सोडली. आवार मोठं होतं, आणि बाई घाई करत नव्हत्या.

मागे गाड्या खोळंबल्या. हॉर्न वाजू लागले. मुनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बेलची दोरी सोडून हात मांडीवर ठेवले. बाई आतल्या दारातून दिसेनाशा होईपर्यंत मी गाडी हलवली नाही.