परक्या नावांची नाणी

सराफी दुकानाच्या काउंटरवरच्या मुलीने बारा नाणी मखमली ट्रेमध्ये मांडली, एकेक उलटं करून पाहिलं आणि अकरा बाजूला सारली.

"काका, हे एवढं तुमचं. किसन गेनबा बोराटे. बाकीची कुणाची?"

"माझीच. विकत घेतलीत."

"पावती?"

पावती नव्हती. भोसरीच्या ज्या कंपनीत किसनने जन्म घालवला, तिथे पंचवीस वर्षं भरली की कामगाराला सोन्याचं नाणं मिळे. पुढे कंपनीचं चिन्ह, मागे कामगाराचं नाव आणि तिकीट नंबर. अडीनडीला लोक ते विकायला काढत आणि किसन कँटीनच्या मागे उभा राहून घेई. घेताना त्याचं वाक्य ठरलेलं असे: "नाव कोरलेल्या नाण्याला बाजारात गिऱ्हाईक नसतं, भावा. मी घेतोय हे नशीब समज." वाक्य खोटं आहे, असंच तो मानत होता. सोनं ते सोनं. पण समोरचा गरजू असायचा, मिळेल ते घेऊन जायचा.

त्यातलं एकही नाणं किसनने मोडलं नाही. बायकोने बांगड्यांसाठी अबोला धरला, तरी नाही. पेन्शनीत किराणासुद्धा भागणार नव्हता. ही नाणीच म्हातारपण काढतील, अशी त्याची खात्री होती. आता तो निवृत्त झाला होता, सोनं डोळे फिरावेत असं चढलं होतं आणि बायकोच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख पडली होती.

"सोनं खरं आहे ना? मग नावाशी काय देणंघेणं?"

"मागे एकाने चोरीचं आणलं, तर पोलीस आमच्या दारात. ज्याचं नाव त्याला आणा, नाहीतर त्याची सही आणि आधार. दुकानाचा नियम आहे."

किसनने बाराही नाणी डब्यात भरली आणि चिडून बाहेर पडला. आणखी दोन दुकानांत हेच उत्तर मिळालं. चाकणच्या बोळातला सराफ घ्यायला तयार होता, पण निम्म्या भावात, आणि वर चोरीचाच माल समजून डोळा मारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसन दिघीला कोंडीरामच्या दारात उभा राहिला. दोघांनी एकाच लाइनवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. दार कोंडीरामच्या बायकोने, भिमाबाईने उघडलं. ती 'या' म्हणाली नाही.

"कोण हाय गं?" आतून कोंडीराम.

"तुमचं नाणं नेणारे आलेत."

"बस की, किसनराव. का अजून उभ्यानंच सौदे करतोस?"

किसनने टोमणा गिळला. "एक सही पायजे होती. नाणं तू मला विकलंस, एवढंच लिहायचं."

"दाखव तरी."

कोंडीराम नाणं घेऊन खिडकीशी गेला. नावावरून त्याने अंगठा फिरवला.

"कितीला जातंय आता?" भिमाबाईने विचारलं.

"जो भाव असंल तो."

"सांगा की, भावजी. आमी काय हिसकावून घेतोय?"

"तू दिलेस त्याच्या वर जे मिळंल, त्यातलं निम्मं मला दे, सही करतो," कोंडीराम म्हणाला.

"व्यवहार तवाच मिटला. तू राजीखुशीनं विकलंस."

"राजीखुशीनं!" भिमाबाई उसळली. "लॉकडाऊनात पगार न्हाई, लेक दवाखान्यात, आन् राजीखुशीनं?"

"मग मी काय बंदूक लावली होती? तुमी खाऊन मोकळं झालात. जपलं ते मी."

"जप मग अजून." कोंडीरामने नाणं टेबलावर आपटलं. "कुणी इचारलंच तर सांगीन, माझं हरवलं होतं. किसनकडं कसं गेलं, ते त्यालाच इचारा."

"हलकट हायेस तू."

"तुझ्याकडनंच शिकलो. ऐक, तू दिलेस तेवढेच पैसे देतो. आत्ता, रोख. भिमा, कपाट उघड."

"याड लागलंय काय? त्या भावात?"

"का? नाव कोरलेल्या नाण्याला बाजारात गिऱ्हाईक नसतं, भावा. मी घेतोय हे नशीब समज."

शब्द न् शब्द तोच होता. भिमाबाई पदर तोंडाला लावून हसली.

किसनने नाणं उचललं आणि पाठ फिरवली.

"पायरी जपून, भावजी," मागून भिमाबाई म्हणाली. "पडलात तर उचलायला कोण येणार न्हाई."

रस्त्यावर येऊन त्याने नाणं विकलेल्या दुसऱ्याला, मोशीच्या माऊलीला फोन लावला. माऊलीने नमस्कारही केला नाही.

"कोंडीरामनं ग्रुपवर टाकलंय सगळं. आमचाबी तोच भाव." फोन कट.

जुन्या कामगारांचा असा ग्रुप आहे, हेच किसनला माहीत नव्हतं. कोंडीरामच्या खिडकीकडे त्याने वर पाहिलं. दोघंही तिथेच उभे होते. त्या भावात परत द्यायची? त्यापेक्षा ती डब्यातच राहिलेली बरी.

संध्याकाळी तो पहिल्या दुकानात परत गेला. मुलीने त्याचं नाव आधारशी ताडून पाहिलं, सही घेतली आणि त्याचं नाणं वितळवायला आत पाठवलं.

"बाकीची, काका? सह्या मिळाल्या?"

"नाही."

ऑपरेशनला अजून बरेच पैसे कमी पडत होते. किसनने डबा मांडीवर घेऊन झाकण लावलं. आत अकरा नाणी होती, आणि त्यांतल्या एकावरही त्याचं नाव नव्हतं.