शून्य दशांश मेगावॅट

वीजघराच्या कंट्रोल रूममध्ये सगळी हयात गेली, म्हणून म्हाताऱ्याला आळीत सगळे मेगावॅटकाका म्हणत. आता छातीने दगा दिला होता आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र घुरघुरत होतं.

लेक लाँड्रीत इस्त्री करून दमून आली, तर जिन्यात पाटी: दुरुस्तीसाठी उद्या दुपारी वीज बंद. चप्पलही न काढता तिने इन्व्हर्टरच्या दुकानात फोन लावला.

"ताई, यंत्र किती वॅटचं?" दुकानदाराने विचारलं.

ती वाकून यंत्रावरचा आकडा बघणार, तोच म्हाताऱ्याने हात पुढे केला. "आण इकडे. हे माझं काम आहे." मग ऐटीत फोनवर म्हणाला, "शून्य दशांश शून्य शून्य शून्य शून्य तीन पाच मेगावॅट. घ्या लिहून."

"अहो बाबा, सरळ वॅटमध्ये सांगा ना!"

"वॅट घरच्या दिव्याला. मी जन्मात वॅटमध्ये बोललो नाही."

वाद घालायचं तिच्या अंगात त्राणच नव्हतं. जाऊ दे झालं, म्हणून ती भिंतीला टेकली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस दारातच एक आटोपशीर डबा देऊन गेला. एवढासा कसा, असं तिच्या मनात आलं, पण तिने यंत्र त्याला जोडलं. वीज गेली. डबा दोनदा टीं टीं करून गप्प झाला आणि त्याबरोबर यंत्रही.

म्हाताऱ्याचे ओठ निळसर पडायला लागले. तिने पलंगाखालचा राखीव सिलेंडर फरफटत बाहेर ओढला, नळी त्याच्या नाकाला लावली. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास ताळ्यावर आला, तेव्हा कुठे तिने दुकानात फोन केला.

"ताई, काकांच्या आकड्याचे पस्तीस वॅट होतात," दुकानदार गोंधळून म्हणाला. "मला वाटलं, इंटरनेटची डबी चालवायची असेल."

तिने यंत्रावर पाहिलं. तीनशे पन्नास. बाबांच्या तोंडून एक शून्य जास्त गेलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरला होता. त्याला कळलं होतं.

त्याने खुणेनेच फोन मागितला.

"तीनशे पन्नास," तो धापा टाकत म्हणाला. "वॅट. साधे वॅट."

फोन परत देताना त्याने लेकीचा हात सोडला नाही. "अख्खं शहर सांभाळलं गं. कधी शून्य चुकलं नाही."

"माहीत आहे, बाबा. बोलू नका आता."

दुकानदार स्वतः रिक्षातून मोठा इन्व्हर्टर घेऊन आला. वीज अजून आली नव्हती, तरी यंत्र पुन्हा घुरघुरायला लागलं. तो काही समजावून सांगत होता, पण ऐकतं कोण? लेक पलंगाच्या पायथ्याशी बसल्या बसल्या झोपली होती.

"हळू बोला," म्हातारा म्हणाला. "फार दमलीय ती."