मानेवरून टोपीवर

मी झालर बोलतेय. आसिआकबाईंच्या फरकोटाच्या टोपीला शिवलेली, लांडग्याच्या केसांची झालर. त्याआधी मी एका लांडगिणीच्या मानेवर होते.

तेव्हा उपास फार काढले. बर्फातून आमची टोळी एकामागे एक चालायची, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत. कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेच्या बर्फातल्या मोठ्या हरणांचा, कळप जवळ आला की आम्ही पांगायचो, त्याला पळवायचो आणि कोण मागे पडतंय ते बघायचो. बहुतेकदा कुणीच पडायचं नाही, मग जिभा बाहेर काढून परत! एखादा लंगडा सापडलाच तर लांडगीण त्याच्या पोटात मानेपर्यंत तोंड खुपसायची. मी गरम रक्ताचरबीत न्हाऊन निघायचे. तसं सुख नाही.

पुढे आसिआकबाईंच्या नवऱ्याने लांडगिणीला टिपलं. मला राग आला होता, पण तो टिकला नाही. बाईंनी मला जपलं. तीन कोट विरले, दर वेळी त्यांनी मला उसवून नव्यावर शिवलं. त्यांचा श्वास माझ्यावर गोठतो आणि एका झटक्यात झडून जातो.

यंदा ऑक्टोबर संपत आला तरी कळप खिंडीत उतरला नाही. जमिनीखालची मांसाची कोठी रिकामी, घरात आठ तोंडं आणि समोर अख्खा हिवाळा. शेवटी बाई भाच्याला, कुसिकला घेऊन बर्फगाडीवरून निघाल्या.

दुपारपर्यंत काही दिसलं नाही. कुसिकच्या टोपीची नकली झालर गोठून गालाला चिकटली होती.

"आत्या, परत फिरू या. पेट्रोल संपेल."

"आधी गाल सोडव. दुकानातलं गवत तोंडाला बांधू नकोस म्हटलं होतं ना?"

एवढ्यात बाई थांबल्या. लांडग्यांच्या पावलांची एकच ओळ टेकडीपर्यंत गेली होती आणि पायथ्याशी फुटून पाच वाटांनी वर चढली होती. 'इथेच पांगलेत, पलीकडे कळप आहे!' मी जीव तोडून ओरडले. झालरीचं कोण ऐकतंय!

कुसिक वैतागला. "ते आधीच पोचले. आता आपल्याला काय, हाडं?"

बाईंनी वाकून पावलं मोजली. "पाच जण आहेत. पाच जण एक कॅरिबू खातात रे वेड्या, कळप नाही खात. चढ!"

वर पोचलो तर खालचं सगळं खोरं कॅरिबूंनी भरलेलं. एका कडेला पाच लांडगे आपल्या शिकारीवर वाकले होते. बाई बर्फात बसल्या आणि हसता हसता रडल्या. मलाही हायसं वाटलं.

कुसिकने चार कॅरिबू पाडले. तो लांडग्यांकडे बंदूक वळवू लागला तसा बाईंनी त्याचा हात धरला. "त्यांना जेवू दे. आपल्याला इथवर कुणी आणलं?"

मग त्यांनी गरम काळजाचा तुकडा कापून तिथेच तोंडात टाकला. ओघळ हनुवटीवरून थेट माझ्यावर आला. किती वर्षांनी!

एकच मागणं आहे. बाईंच्या मागे मला काचेच्या कपाटात ठेवू नका. उसवा, आणि घरात ज्याला सगळ्यात जास्त भूक लागते त्याच्या टोपीला शिवा.