इस्त्री केलेली कॅसेट

बॉबिनकाकांना सिनेमातलं काही कळत नाही, हे त्यांच्या घरात केव्हाच सर्वानुमते ठरलं होतं. शिलाई मशीन खोला, साफ करा, तेल घाला, चालवून बघा, एवढंच त्यांचं जग. त्या जगानं त्यांचं खरं नावही गिळलं होतं. गल्लीत कुणी त्या नावानं हाक मारली असती, तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं. सिनेमाची आवड काकूंची. तीसुद्धा एकाच सिनेमाची.

त्यात पूल बांधणारा एक इंजिनिअर होता, नदीकाठच्या दवाखान्यातली एक नर्स होती आणि दोघांमध्ये अडीच तास पुरतील एवढे गैरसमज होते. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आठवडाभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि रविवारी दुपारी पाय वर घेऊन ही कॅसेट लावायची, असा त्यांचा नेम होता. लेक लहान असताना वैतागायची, "आई, शेवट माहीत आहे ना तुला? मग परत परत कशाला?"

"माहीत आहे म्हणूनच," काकू म्हणायच्या. "नवीन सिनेमात जीव टांगणीला लागतो. इथं कसं, घरी आल्यासारखं वाटतं."

खरी मजा होती शेवटाकडे. वर्षभर गायब असलेला इंजिनिअर चिखलानं माखलेल्या बुटांनिशी नर्सच्या नुकत्याच पुसलेल्या खोलीत घुसतो, तोंड उघडतो, आणि पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा. वीस सेकंद खरखर. लेक चार वर्षांची असताना व्हीसीआरनं नेमक्या त्याच जागी फीत चघळली होती. आयुष्य शिंप्यांच्या संगतीत गेलेल्या काकांनी त्या चुरगळलेल्या फितीवर चक्क इस्त्री फिरवली होती. "कोमट होती! आणि मध्ये सुती कापड घातलं होतं!" हा त्यांचा बचाव पुढची तीस वर्षं कुणी ऐकून घेतला नाही.

तर त्या रेघा सुरू झाल्या, की काकू कमरेवर हात ठेवून नर्सच्या वतीनं गरजायच्या, "आधी बूट काढ, मग बोल!" आणि घर हसायचं. दर वेळी हसायचं. पाहुणे असले तर त्यांना आधीच दटावून ठेवलेलं असायचं, की आता गप्प बसा, काकूंची जागा येतेय. रेघा सरल्यावर पडद्यावर दोघं मिठीत दिसत, त्या अर्थी त्यानं बूट काढले असणार, असं घरातलं एकमत होतं.

मग एका सकाळी, भाजी चिरता चिरता, काकूंना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, पण वाचा गेली. राहिला एकच शब्द, 'नाही'. चहा हवा का विचारलं तर "नाही" म्हणत कप पुढं करायच्या. समजत सगळं होतं. ओठांपर्यंत यायचं आणि तिथून परत फिरायचं. तीस वर्षं साऱ्या गावाचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईला स्वतःची लाइन लागेना.

स्पीच थेरपिस्ट तरुण होती आणि खोटं बोलत नव्हती. पाच महिन्यांनी ती म्हणाली, "काका, सुरुवातीला जे भराभर यायचं ते येतं, नंतर वेग कमी होतो. प्रयत्न सोडू नका, पण तोवर हा बोर्ड वापरा." बोर्डावर चित्रं होती: पाणी, चहा, दुखतंय, झोपायचंय. बोट ठेवायचं आणि सांगायचं. काकूंनी बोर्ड हातात घेतला, नीट पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

ही बाई बोटानं बोलणार? त्यांनी थेरपिस्टला जिन्यात गाठलं. "दुसरं काहीच नाही का हो?"

"कधीकधी पाठ झालेलं आधी येतं," ती म्हणाली. "आकडे, गाणी, रोजच्या तोंडातली वाक्यं. त्यांना पाठ असलेलं काही आहे?"

काका तिथंच जिन्यात खाली बसले. मग उठले ते ठरवूनच. हिला बोलतं करायचं.

लेकीनं दुसऱ्याच दिवशी सिनेमाची नवी प्रत शोधली. इतकी स्वच्छ, की नर्सच्या खोलीतल्या खिडकीचे गज मोजता यावेत. तिघं बसली. इंजिनिअर आत घुसला, त्यानं तोंड उघडलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा या घराला कळलं, की तो काय म्हणतो. तो म्हणाला, "मी परत आलोय. कायमचा."

"एवढंच?" लेक म्हणाली.

काकू भलत्याच घरात शिरल्यासारख्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग "नाही" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. ते 'नाही' म्हणजे नाहीच होतं, हे काकांनी बरोबर ओळखलं. या सिनेमात काकूंना बोलायला जागाच नव्हती.

त्यांनी माळ्यावरून व्हीसीआर काढला. आतल्या रबरी पट्ट्याचा डांबरासारखा लगदा झाला होता. तसला पट्टा आता मिळत नाही, असं चार दुकानदारांनी सांगितलं. "बाबा, मिळाला तरी ती कॅसेट खराब आहे," लेक म्हणाली.

"खराब आहे म्हणूनच हवी."

बॉबिन भरायच्या चाकाला रबराचं कडं असतं. काकांकडे तसली कडी डबाभर होती. पहिलं घट्ट झालं, मोटर कण्हायला लागली. दुसरं निसटलं. तिसरं तासलं, चौथं तासलं. आठ दिवस गिऱ्हाइकांची मशीनं ताटकळत राहिली आणि काका चाळीस वर्षांत केलं नव्हतं इतकं बारीक काम करत बसले. नववं कडं बसलं. कॅसेट फिरली, आणि रेघा आल्या तशा काकू पुढं सरकून बसल्या. ओठ थरथरले. पण आवाज फुटला नाही.

"उद्या," काका म्हणाले.

रोज चार वाजता दुकान बंद. सिनेमा अख्खा लावायचा, नुसता तेवढाच तुकडा नाही. घाई केली की काकू हात उगारायच्या. सहाव्या दिवशी "आ" आला. नवव्या दिवशी "आधी" आला, स्पष्ट, आणि काकांना इतका आनंद झाला की उठताना त्यांच्या पायानं तेलाची बुधली लवंडली. त्यानंतरचे चार दिवस मात्र तोही येईना. काकूंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि त्या रडल्या.

"बंद करू?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही."

हेही खरंखुरं 'नाही' होतं. काकांनी कॅसेट मागं फिरवली.

सोळाव्या दिवशी काकांना उशीर झाला. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सहा मशीनं एकदम बंद पडली होती. शेवटचं सुरू होईपर्यंत सहा वाजले. परतीच्या रस्त्यावर नळासाठी खणलेला चर होता, काकांनी वळसा घालायच्या ऐवजी त्यातूनच वाट काढली. घरी काकूंनी चारच्या ठोक्याला घड्याळाकडे बोट दाखवून लेकीला कॅसेट लावायला भाग पाडलं होतं. जिन्यातच काकांना शेवटाकडचं ते संगीत ऐकू आलं. इंजिनिअर दारात पोचला होता. काका दोन-दोन पायऱ्या चढत धावले, दार ढकललं आणि तसेच घुसले खोलीच्या मधोमध. पडद्यावर रेघा सुरू झाल्या.

"मला जरा—" काका धापा टाकत म्हणाले.

काकूंनी पडद्यावरची नजर काढली. काकांकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे, मग दारापासून उमटत आलेल्या चिखलाच्या ठशांकडे. लेकीनं सकाळीच फरशी पुसली होती.

"आधी," काकू म्हणाल्या. थांबल्या. जबडा आवळला, हात कमरेवर गेला. "आधी... बूट काढ. मग बोल."

अडतीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. लेक तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली. काका खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडू लागले. मशीनची सुई अंधारात ओवणाऱ्या त्यांच्या बोटांना ती गाठ काही केल्या सुटेना. शेवटी बूट तसेच ओढून काढले आणि दाराबाहेर ठेवून आले.

रेघा सरल्या होत्या, पडद्यावरची दोघं मिठीत होती. काकू वाट बघत होत्या.

"बोल," त्या पुन्हा म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. पण आता त्यांनाच शब्द फुटेना.