आपोआप हलणारा पाळणा

रविवारी छकुलीच्या आईच्या मैत्रिणीकडे जेवणं आटोपून गप्पा रंगल्या होत्या. मैत्रिणीने स्वतःच्या लेकासाठी घेतलेल्या विजेच्या पाळण्यात पाच महिन्यांच्या छकुलीला ठेवलं आणि बटण दाबलं, तसा पाळण्यावरचा छोटा दिवा लागला. घरी जिला खांद्यावर घेऊन तासभर येरझाऱ्या घालाव्या लागत, ती पोर चार मिनिटांत गाढ झोपली.

"बघ, उगाच कंबर मोडून घेतेस," मैत्रीण म्हणाली. "आता निवांत चहा घे, बाई."

छकुलीच्या आईने चहा कसाबसा संपवला. लेकीचा चेहरा आपल्या खांद्यावर इतका शांत कधी दिसला होता, ते तिला आठवेना. मैत्रीण कप विसळायला आत गेली, तशी तिने हळूच बटण बंद केलं.

पाळणा थांबला. छकुली चुळबुळली आणि ओठ काढून रडू लागली. आईने झटकन उचलताच गळ्याला बिलगून गप्प झाली.

"उठली वाटतं?" मैत्रीण हात पुसत आली.

"हो ना. हिला मीच लागते, काय करणार."

मैत्रिणीची नजर पाळण्याच्या विझलेल्या दिव्यावर गेली. "खरंय गं," ती म्हणाली. "बस तरी जरा."

पण कंबर ठणकत असूनही छकुलीची आई बसली नाही.