तोच तो वटवट्या

"अहो, शिंकताय काय! धरा ती पट्टी!" बायको कुजबुजत ओरडली. कुजबुजत ओरडावं तर तिनेच. पहाटे जाळ्यात सापडलेले पक्षी ओळखायचे, पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचे, हे काम ती लग्नाआधीपासून करतेय. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. रिटायर झाल्यापासून तिचा हमाल.

आज पक्षी केंद्राच्या खोलीत तिच्या मुठीत अंगठ्याएवढा वटवट्या होता.

"तोच आहे हो! तोच!"

तोच, म्हणजे इथे आजवर कधीच न सापडलेला. मागे तिने त्याचा आवाज ऐकल्याचं सांगितलं, तर केंद्राचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ताई, तुमच्या कानातच वटवट्या शिरलाय. माप दाखवा, मग बोलू." लोक खो खो हसले. मला अजून राग येतो. नेहमीच्या वटवट्यात आणि याच्यात फरक पंखातल्या एका पिसाच्या लांबीचा. पंख पसरून मोजला, फोटो काढला, की साहेबांचं तोंड बंद! खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात त्यांना माफी मागायला लावलीसुद्धा.

साहेब धावतच आले, एक बूट पायात, एक हातात.

"अरे वा! पंख उघडा, ताई, पंख!"

तिने पंख उघडला. मी पट्टी पुढे केली, तेवढ्यात पक्ष्याने चोच वासली आणि तो धापा टाकायला लागला. चोच वासली की सोडायचा, नाहीतर तो दगावतो, हा नियम. नव्या माणसाला ती आधी हेच शिकवते.

"एकच फोटो, ताई! एक सेकंद!" साहेब गयावया करू लागले.

"अगं, एका सेकंदाने काय होतंय?" मीही बोलून गेलो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पट्टी गुपचूप खिशात घातली. मग खिडकीशी जाऊन तिने मूठ उघडली. पक्षी जरा वेळ तळहातावर बसला, तिच्या उजव्या बाहीवर शिटला आणि भुर्रकन उडाला.

साहेब मटकन खुर्चीत बसले. "काय लिहू?"

"ओळख पटली नाही, असं लिहा." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

"पण तोच होता, ताई! मी बघितलाय."

"मापाशिवाय चालत नाही, साहेब. तुमचंच म्हणणं."

घरी आल्यावर मी म्हटलं, "काढ तो शर्ट, भिजत घालतो."

"आज राहू द्या," ती म्हणाली, आणि उजवी बाही जपत डाव्या हाताने जेवली.