मला घासू नका

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. तुमच्यापैकी कुणाच्या हातात घासणी असेल, तर त्यानं ती आधी खाली ठेवावी. मग पुढचं सांगते.

लोहारानं मला ठोकून ठोकून घडवलं ते तळणासाठी. पण माझ्या नशिबी तेल नव्हतं, सालं होती. एका घरच्या थोरल्या सुनेनं मला रंगाच्या शेडमध्ये चुलीवर चढवलं आणि रसवाल्यानं टाकून दिलेली डाळिंबाची सालं माझ्यात उकळली. त्याच सालांनी स्टीलच्या पातेल्यात कापड पिवळं होतं. माझ्यात ते राखाडी होतं, कारण माझा गंज पाण्यात उतरतो आणि पिवळ्याचा जीव घेतो. हा माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. थोरली मला नुसती विसळून पालथी घालायची, गंजाला कधी नावं ठेवायची नाही. गिऱ्हाइकं तिच्या राखाडी कापडावरून हात फिरवत राहायची, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचे.

स्टीलचं पातेलं धाकट्या सुनेचं. त्या दोघांचाही मला मनापासून राग होता, आणि अजून आहे. एकाच शेडमध्ये दोघी जावा राबायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या त्या भांड्यांमार्फत. हिनं झाकण आपटलं की तिनं बादली आपटायची. सालांच्या पोत्यावरून तर रोजची कुरबुर. शेवटी सासरे वैतागले. कापडदुकानाच्या मालकीणबाई वर्षभराचं काम द्यायला येणार होत्या. त्या जिचा रंग निवडतील तिची शेड, दुसरीनं आपली चूल अंगणापलीकडे मांडावी, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं.

थोरली आजारी आईला भेटायला गेली, त्या दुपारी धाकटी माझ्याकडे आली. हातात वाळू आणि लिंबू. गंजाचा कणही उरू न देता तिनं मला घासलं, तापवलं, तेल चोपडलं, पुन्हा तापवलं, पुन्हा चोपडलं. माझ्या अंगावर काळी गुळगुळीत कातडी चढली. मला ओरडता येत नाही, नाहीतर गल्ली गोळा केली असती. वर तिनं जावेच्या वाट्याची सालंही माझ्यात भिजत घातली. त्या तपकिरी पाण्याखाली माझी चकाकी कुणाला दिसणार?

थोरली परतली आणि पाठोपाठ मालकीणबाई आल्याच. तिनं घाईघाईनं चूल पेटवून कापड बुडवलं. बाहेर आलं ते धड राखाडी नाही, धड पिवळं नाही, आणि जागोजागी तेलाचे डाग. मालकीणबाईंनी धाकटीचं पिवळं कापड उचललं. थोरलीनं पाणी ओतून दिलं, माझ्या पोटावर नख ओढलं आणि जावेकडे पाहिलं.

"किती गंजली होती, घासून दिली," धाकटी म्हणाली. "तुमची काळजी करायचीही चोरी, जाऊबाई."

थोरली अंगणापलीकडे गेली. मला तिनं नेलं नाही. तेही मी विसरलेले नाही.

मी मागच्या भिंतीशी पडून राहिले. धाकटी उकळलेल्या सालांचा आंबट चोथा रोज माझ्यातच फेकायची. त्या आंबटानं तेलाची कातडी हळूहळू सुटली आणि माझा गंज परत आला. धाकटीनं कधी वाकून पाहिलं नाही. मग पहिला मोठा माल द्यायचा दिवस उजाडला. तिची सगळी भांडी अडकलेली होती आणि रंगवलेलं कापड शेवटचं भिजवायचं राहिलं होतं. तिनं माझ्यातला चोथा उपसला, पाणी भरलं. हिला तर मीच घासलीय, असं स्वतःशीच म्हणत सगळं पिवळं कापड माझ्यात दाबलं आणि जेवायला गेली.

मी माझं काम केलं. इतक्या आनंदानं कधीच केलं नव्हतं.

परत आल्यावर तिनं कापड उचललं. पिवळ्यावर काळपट ढग उतरले होते. मालकीणबाई संध्याकाळी येणार होत्या. ते ओलं कापड घेऊन धाकटी पहिल्यांदाच अंगण ओलांडून जावेच्या चुलीपाशी गेली.

"जाऊबाई, हे काळं कशानं जाईल?"

थोरली चुलीत लाकूड सारत होती. तिनं मान वर केली नाही.

"तेल लावून बघ," ती म्हणाली.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात. मी विनवणार नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशासाठी तशी ठेवली आहे ते विचारा, एवढंच सांगते. धाकटी आज पुन्हा वाळू घेऊन माझ्यासमोर उभी आहे. घास म्हणावं. माझ्यात अजून पुष्कळ लोखंड आहे.